मोफत म्हणजे मुक्त नव्हे

एखाद्या विद्यापीठाने जुने अंक स्कॅन करून संकेतस्थळावर टाकले, की लगेच म्हटलं जातं, ज्ञान मुक्त झालं. नाही झालं. ते मोफत झालं. बडोद्यात विकिपीडियावर लिहायला बसणाऱ्या मुलांना मी हे इतक्यांदा सांगितलंय, की आता एकदाच नीट लिहून ठेवते.

मोफत म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध आपण पैसे न देता वाचतो, तसं. ‘मुक्त विद्यापीठ’ यातला मुक्त वेगळाच, तो प्रवेशाच्या सैल अटींबद्दल आहे. तो सोडून देऊ.

आपला मुक्त असा: मजकूर किंवा चित्र कुणीही उचलावं, छापावं, बदलावं, विकावंसुद्धा, आणि कुणाला विचारायला लागू नये. किमतीशी त्याचा संबंध नाही. राजा रविवर्मा यांची चित्रं महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये तिकीट काढून पाहावी लागतात. पण रविवर्मा १९०६ साली गेले, त्या चित्रांवर आज कुणाचाच कॉपीराइट नाही. बडोद्यातल्याच कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातली भित्तिचित्रं नंदलाल बोस यांची. ते गेले १९६६ साली. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. कीर्तिमंदिराच्या इमारतीचा तुम्ही काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या भांडारात चालतो, कारण इमारतीच्या फोटोला कायद्यात सूट आहे. भिंतीवरच्या चित्राला ती नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. गाडी अडते ती ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ या तीन शब्दांवर. प्राध्यापक मंडळी मनापासून मदत करायला येतात आणि म्हणतात, “घ्या आमच्या नोट्स, फक्त खाली तेवढं लिहा.” तेवढं लिहिलं, की त्या नोट्स विकिपीडियाला निरुपयोगी. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे सगळ्यांना आधीच परवानगी देऊन ठेवणाऱ्या तयार परवान्यांपैकी, ‘बाय-एसए ४.०’ परवान्याखाली असतो. मूळ लेखकाला श्रेय द्या, आणि बदल करून पुढे द्याल ते याच परवान्याने द्या, एवढंच त्याचं मागणं. दांडिया बाजारातल्या कुणी उद्या त्या लेखांचं पुस्तक काढून विकलं तरी चालतं, आणि चालायलाच हवं. खेड्यातल्या शाळेत छापील पुस्तक पोचायचं तर कागदाचे आणि छपाईचे पैसे कुणीतरी वसूल करणारच. ‘फक्त शैक्षणिक’ म्हटलं की ती वाट बंद होते. परवान्याच्या नावात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यापारी वापराला मनाई) असेल तरी तेच. क्रिएटिव्ह कॉमन्सचा शिक्का पाहून फसू नका.

दुसरी अडचण पत्राची. त्यात लिहिलेलं असतं, ‘आम्ही विकिपीडियाला परवानगी देत आहोत.’ एका विभागाने असं सही-शिक्क्याचं पत्र दिलं, मुलांनी त्या भरवशावर महिनाभर लेख रचले, आणि ते सगळे वगळावे लागले. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. परवानगी विकिपीडियाला नव्हे, सगळ्यांना द्यायची असते. २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिपीडियाचा शिक्षण प्रकल्प झाला. तिथे विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर इतका आला, की तो काढता काढता स्वयंसेवक थकले आणि प्रकल्प आवरता घ्यावा लागला. जे वाचायला मिळतं ते उतरवायलाही मिळतं, ही समजूत मुलं वर्गातूनच घेऊन येतात, आणि त्याचा दोष मी मुलांना देत नाही.

विद्यापीठाला खरंच द्यायचं असेल तर समारंभ नको, पानाच्या तळाशी एक ओळ पुरे: ‘हा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली उपलब्ध आहे.’ मात्र ती ओळ ज्याचा हक्क त्यानेच लिहायची. जुन्या अंकातला लेख बाहेरच्या लेखकाचा असेल आणि हक्क त्याच्याकडेच असेल, तर आधी त्याला विचारायचं, तो नसेल तर त्याच्या वारसांना.