गरोदरपणाचा दम आणि न्यूमोनियाचा दम

"दिवस भरत आले की दम लागायचाच." सासू म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, ओपीडीच्या गर्दीत कधी डॉक्टरही म्हणून जातात. एरवी ते खरंही असतं. पण स्वाइन फ्लू किंवा कोविडसारखी साथ चालू असताना याच वाक्याच्या भरवशावर बाई चार दिवस घरात काढते आणि रुग्णालयात पोचेपर्यंत ऑक्सिजन घसरलेला असतो.

गरोदरपणाचा दम ओळखीचा आहे. स्टेशनचा पूल चढताना, पिशव्या घेऊन तिसरा मजला गाठताना लागतो, दोन मिनिटं टेकलं की बसतो. पुष्कळदा पोट दिसायच्या आधीच सुरू होतो, कारण तो प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनमुळे येतो. आठवड्यागणिक हळूहळू वाढतो. सोबत ताप-खोकला नसतो. न्यूमोनियाचा दम दोन-चार दिवसांत चढतो आणि बसल्याजागीही लागतो.

खरा घोळ पुढे आहे. श्वास खोल होणं वेगळं आणि श्वास जलद होणं वेगळं. गरोदरपणात एका श्वासात आत जाणारी हवा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, पण मिनिटाला किती श्वास, हा आकडा जवळजवळ होता तिथेच राहतो. म्हणून शांत बसलेल्या बाईचे श्वास मिनिटाला २० च्या वर गेले, तर ते पोटाच्या खात्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. २४ किंवा जास्त असतील तर थेट रुग्णालय.

मोजायचं असं: तिला दहा मिनिटं बसू द्या. मोजतोय हे सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. ओढणी किंवा पदर वर-खाली होताना पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय सोडा, एक श्वास चुकला की चारचा फरक पडतो. मग घरचा पूर्ण पत्ता सांगायला लावा. इमारतीचं नाव, रस्ता, स्टेशन, मध्येच श्वासासाठी थांबावं लागलं तर वाट पाहू नका.

इतकी घाई का, तर पोटामुळे छातीखालचा पडदा सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकलेला असतो, श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा जवळपास पाचव्या हिश्शाने घटलेली असते आणि ऑक्सिजनची गरज तेवढीच वाढलेली असते. शिल्लक कमी, खर्च जास्त. शरीर भराभर श्वास घेऊन ऑक्सिमीटरचा आकडा सांभाळतं, आणि थकलं की तो झपाट्याने कोसळतो. म्हणून नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबणं मला अजिबात पटत नाही. शिवाय कोविडात सगळ्यांनी ९४ पाठ केलं. गरोदर बाईसाठी ९५ ही खालची मर्यादा धरा, कारण बाळाला ऑक्सिजन तिच्याच रक्तातून मिळतो. नेलपॉलिश काढा, गार बोट चोळून ऊब आणा, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा.

गरोदर बाईला लागण इतरांपेक्षा जास्त होते असं नाही. झालेली लागण गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का असलेल्या गरोदर स्त्रिया मृतांमध्ये सुमारे ५ टक्के होत्या.

आणि ते "गरोदर आहे, औषध नको, एक्स-रे नको" थांबवा. छातीच्या एक्स-रेमधून बाळापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात. फ्लूची शंका असेल तर डॉक्टर ऑसेल्टामिव्हिर देतात, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं उत्तम, स्वॅबच्या रिपोर्टसाठी अडवून ठेवू नये. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, २० आठवड्यांनंतर तर नाहीच. वाफेने नाक मोकळं होतं, न्यूमोनिया उतरत नाही.

न्यायची वेळ आली तर १०८ ला फोन करा. वाटेत उताणं झोपवू नका, गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. टेकून बसवा किंवा डाव्या कुशीवर ठेवा. तपासणीची फाइल घ्या आणि वरच्या कागदावर वेळ, श्वासांचा आकडा आणि ताप लिहा. दारात "दम लागतोय" एवढंच सांगू नका, "बसल्याजागी मिनिटाला २८ श्वास" असं सांगा.