जैवउत्पादनाचे राष्ट्रीय धोरण आणि मळीचा प्रश्न : पार्श्वभूमी

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई३’ धोरण मंजूर केले. जैवआधारित रसायने, जैवप्लास्टिक, एन्झाइम, पर्यायी प्रथिने यांचे देशात मोठ्या प्रमाणावर उत्पादन व्हावे, हा त्याचा एक मुख्य हेतू. त्यानंतर पाचच दिवसांनी केंद्राने उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून (जिच्यातली साखर पूर्ण काढून घेतलेली नसते अशा मळीपासून) इथेनॉल करण्यावरचे निर्बंध उठवले. बातम्यांमध्ये हे दोन्ही निर्णय वेगवेगळ्या पानांवर आले. खरे तर ते एकत्र वाचायला हवे होते.

जैवतंत्रज्ञानासाठी केंद्रात १९८२ मध्ये मंडळ आणि १९८६ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. पुढची राष्ट्रीय धोरणे २००७ आणि २०१५ मध्ये आली. त्यांत लसी, औषधे, बियाणे आणि संशोधन संस्था यांचाच बोलबाला होता. दरम्यान, किण्वनावर, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून साखर आंबवून घेण्यावर, चालणारा आणि खऱ्या अर्थाने मोठ्या आकाराचा उद्योग साखर कारखान्यांच्या आवारात, अल्कोहोल गाळणाऱ्या आसवन्यांमध्ये उभा होता. त्याला ‘बायोटेक’ म्हणावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ मध्ये झाली. दहा-अकरा वर्षांनीही, २०१३-१४ मध्ये, प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. डिसेंबर २०१४ पासून सरकार इथेनॉलचे दर ठरवू लागले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि थेट रसाला वाट मोकळी केली, कच्च्या मालानुसार वेगळे दर दिले आणि आसवनी उभारणीसाठीच्या कर्जावर व्याज सवलत आली. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी या आश्वासनावर विसंबून कर्जे काढली. २०२२-२३ मध्ये सी-हेवीच्या (साखर जवळपास पूर्ण काढून घेतलेल्या मळीच्या) इथेनॉलला लिटरमागे ४९.४१ रुपये, बी-हेवीला ६०.७३ आणि रसाच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये दर होता. साखरेचा किमान विक्री दर मात्र २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच अडकलेला. त्यामुळे कारखाना रसाकडे वळला नसता तरच नवल. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, शेतकऱ्याला वेळेवर देण्याचा तोच मार्ग होता.

आणि मग ७ डिसेंबर २०२३ चा आदेश आला.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट. महाराष्ट्र आणि कर्नाटकात उसाची वाढ खुंटली होती, साखर कमी पडेल असा अंदाज होता आणि लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. साखर महागण्याची भीती निराधार नव्हती. पण इथेनॉलचे पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरला सुरू झाले होते, गाळप सुरू होऊन महिना उलटला होता, तेल कंपन्यांशी करार झाले होते. अशा वेळी रस आणि सिरपचा वापर एका फटक्यात थांबवला गेला. आठवड्याभराने माघार आली : रस आणि बी-हेवी मिळून १७ लाख टन साखर वळवण्याच्या मर्यादेत इथेनॉल करायला मुभा मिळाली. तरी बी-हेवी मळीचे साठे टाक्यांमध्ये पडून राहिले, त्यातल्या ६.७ लाख टनांना परवानगी मिळेपर्यंत एप्रिल उजाडला. तोवर महाराष्ट्रातले साखर उत्पादन सुरुवातीचा अंदाज मागे टाकून ११० लाख टनांच्या घरात पोहोचले होते. ज्या टंचाईसाठी हे सगळे केले, ती आलीच नाही. अंदाज चुकू शकतो, पण त्याची किंमत एकट्या कारखान्याने आणि त्याच्या ऊस उत्पादक सभासदाने का मोजावी, या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेले नाही.

जैवउत्पादनाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. लॅक्टिक आम्ल असो वा त्यापासूनचे प्लास्टिक, सूक्ष्मजीवांना साखर लागते आणि प्रकल्पाचे अर्थशास्त्र त्या साखरेच्या भावावर उभे असते. उत्तर प्रदेशातल्या एका साखर उद्योगाने २०२४ मध्ये असा प्रकल्प जाहीर केला. उद्या रस कुठे जाईल हे प्रयोगशाळांना निधी देणारा विभाग ठरवत नाही. ते अन्न खाते ठरवते, तेही हंगामाच्या मध्यावर.

निर्बंधांच्या वर्षात मका पुढे सरसावला. त्याच्या इथेनॉलचा दर ७१.८६ रुपयांपर्यंत गेला, कोंबडीखाद्य महागले, आणि मका निर्यात करणारा देश आयात करू लागला. मिश्रण २०२२-२३ मधल्या १२ टक्क्यांवरून पुढच्या वर्षी १४.६ टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा आला. निर्बंध उठले, पण बाजारातली जागा धान्याने घेतली होती. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या आसवन्या मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून पुन्हा व्याज सवलतीची योजना आणली, म्हणजे ज्यांची पहिली कर्जे फिटायची आहेत त्यांनाच नवे कर्ज. तेल कंपन्यांच्या २०२५-२६ च्या इथेनॉल खरेदीच्या वाटपात उसापासूनच्या इथेनॉलचा हिस्सा ३० टक्क्यांच्याही आत राहिला.