टॅटू पिकला, की रंग मानवला नाही?

गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं असो की तालुक्याच्या दुकानात मशीनने काढलेला टॅटू असो, तो बिघडला की गावात सगळे एकच म्हणतात, ‘रिअॅक्शन आली.’ मग मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. घोळ तिथूनच सुरू होतो. टॅटू पिकणं आणि रंग न मानवणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर दुखणं वाढू शकतं.

आधी, बिघाड नसतोच ते. पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज आणि उन्हाने पोळल्यासारखी आग राहणारच. पहिल्या रात्री पातळ लस गळते, तिच्यात शाई मिसळून बाहीला काळे डाग पडतात. तो पू नव्हे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि खाज येते. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते. हे सगळं दिवसागणिक कमी होत जायला पाहिजे.

पिकणारा टॅटू नेमका उलट वागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा दुखणं उतरायला हवं तेव्हा, ठणका धरतो. खपलीखालून घट्ट, पिवळा-हिरवट पू येतो, कधी वास येतो आणि काखेत किंवा जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते. लाली नक्षीची हद्द सोडून चांगल्या कातडीत घुसते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे जांभळट छटा आणि ताणलेली, चकाकणारी कातडी बघा. तळहाताच्या मागच्या बाजूने दोन्ही दंडांची ऊब ताडून बघितली तरी फरक कळतो. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहून ठेवा. सकाळी लाली रेघेबाहेर गेली असेल तर घरगुती उपाय थांबवा, दवाखाना गाठा. थंडी वाजून ताप आला, टॅटूपासून काखेकडे लाल रेघ चढली किंवा माणसाला शुगर असेल, तर सकाळचीही वाट पाहू नये.

रंग न मानवणं हे दुखण्यापेक्षा खाजेचं प्रकरण आहे. ताप नाही, पू नाही. ओळखायची मोठी खूण म्हणजे हद्द: गुलाबाच्या पाकळ्या लाल आणि देठ काळा असेल तर फक्त पाकळ्या फुगतात, देठ सपाटच राहतो. सगळ्यात जास्त त्रास लाल रंगाचा. वेळही वेगळी असते. टॅटू नीट भरून आल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा हे उठतं. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी इथे काही होत नाही. त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडचं मलम किंवा इंजेक्शन देतात. लेझरने पुसून टाकायची घाई करू नका. रंग फुटून अंगात पसरला की खाज आणखी भडकू शकते.

आता ती ट्यूब. दुकानात सर्रास मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असतं. बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसलं की ते स्टेरॉइड. पिकलेल्या टॅटूवर ते लावलं की दोन दिवस लाली बसते, माणूस खूश होतो आणि आत जंतू फोफावतात. निओमायसिन असलेलं मलम काहींना स्वतःच मानवत नाही. तेव्हा खाज आणि बारीक पुरळ नक्षीत नव्हे, तर बोट जिथवर फिरलं तिथवर उठतं.

एक दुखणं मात्र दोन्ही खुणांना चकवतं. काळी शाई फिकी करायला साधं नळाचं किंवा विहिरीचं पाणी मिसळलं, तर क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले पाण्यातले जंतू कातडीत जातात. एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, राखाडी छटेच्या भागातच मुरमांसारख्या बारीक गाठी येतात. ठणका फारसा नसतो, म्हणून ‘अॅलर्जी’ समजून स्टेरॉइड लावलं जातं आणि ते वाढतं. नेहमीच्या पाच दिवसांच्या गोळ्यांना हे दाद देत नाही. कातडीचा तुकडा तपासून काही महिने औषध घ्यावं लागतं.

घरी करायचं ते एवढंच. हात धुऊन, उकळून कोमट केलेल्या पाण्याने आणि साध्या साबणाने दिवसातून दोनदा टॅटू धुवा, स्वच्छ सुती कापडाने टिपा, घासू नका. तळहाताएवढ्या टॅटूला हरभऱ्याच्या दाण्याएवढं व्हॅसलीन पुरतं. जाड थर दिला तर मे महिन्याच्या घामात कातडी भिजून फुगते. हळद लावू नका, तिच्या पिवळ्या रंगाखाली लालीही दिसत नाही आणि पूही. राख, शेण, चुना तर नकोच. दोन-तीन आठवडे तळ्यात, कालव्यात पोहू नये आणि कपाशीवर फवारणी दुसऱ्याला करू द्यावी. उघड्या कातडीतून औषध अंगात लवकर भिनतं.

पिकलेल्या टॅटूसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तिथे सांगा. खाजेसाठी किंवा गाठींसाठी त्वचारोग विभाग असलेलं रुग्णालय, जसं सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज. जाताना टॅटूची तारीख, कोणता रंग फुगला, आजवर काय काय लावलं हे लिहून न्या, लावलेल्या ट्यूबा पिशवीत घ्या आणि मोबाईलमध्ये रोजचा एक फोटो, तोही दिवसाच्या उजेडात काढलेला, ठेवा.