मॅच मारणं वेगळं, सराव वेगळा

गाव वसवून, सैन्य उभं करून समोरच्याला हरवायचा एज ऑफ एम्पायर्स हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांची सोलापुरात कमी नाही. कुणी जुळे सोलापुरात घरच्या पीसीवर खेळतो, कुणी होस्टेलवर लॅपटॉप उघडून बसतो, कुणी अजूनही गेमिंग झोनमध्ये तासावर पैसे मोजतो. यातल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच असते: रोज खेळतो, तरी रेटिंग जागचं हलत नाही. सराव करतोस का विचारलं तर वर उत्तर मिळतं, "मग रोज काय करतो? दोन-तीन रँक्ड तर मारतोच की!"

घोळ इथेच आहे. रँक्ड मॅच (रेटिंग पणाला लावून अनोळखी माणसाशी ऑनलाइन खेळलेली मॅच) मारणं आणि सराव करणं या दोन गोष्टी लांबून बघणाऱ्याला एकच वाटतात. तोच गेम, तेच व्हिलेजर (गावातली कामकरी माणसं), तोच माउस, आणि तेवढाच वेळ जातो. खेळणाऱ्यालाही फरक कळत नाही, कारण दमायला दोन्हीकडे सारखंच होतं.

आधी रेटिंगचं बघू. ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरियन-अमेरिकन प्राध्यापकाची, मूळ बुद्धिबळासाठी केलेली. जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ती १९७० मध्ये घेतली. एज ऑफ एम्पायर्स २ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये नवा खेळाडू १००० वर सुरू होतो, आणि गेम त्याला त्याच्याच तोडीचा भिडू शोधून देतो. म्हणजे तुम्ही ९०० वर असा नाहीतर १६०० वर, साधारण निम्म्या मॅच जिंकणार आणि निम्म्या हरणार. त्यासाठीच ती व्यवस्था आहे. त्यामुळे 'आज तीन जिंकल्या' यावरून तुम्ही आज काही शिकलात की नाही हे मुळीच कळत नाही. समोरच्याचं नेट गेलं असेल, किंवा त्याच्या व्हिलेजरला रानडुकरानं मारलं असेल.

आता मॅचमध्ये नेमकं काय होतं ते घड्याळ लावून बघा. गावाच्या मुख्य इमारतीत, म्हणजे टाउन सेंटरमध्ये, एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात आणि ५० फूड. सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक स्काउट (टेहळणी करणारा) मिळतो. समजा २२ लोकसंख्येवर, म्हणजे २१ व्हिलेजर आणि तो स्काउट झाल्यावर, पहिल्या युगातून, म्हणजे डार्क एजमधून, दुसऱ्या युगात जायचं, म्हणजे फ्यूडल एजचं बटण दाबायचं आहे. अठरा नवे व्हिलेजर म्हणजे ४५० सेकंद. व्हिलेजरना चिवट करणाऱ्या लूम या सुधारणेचे २५ धरले तर ४७५. टाउन सेंटर एक क्षणही रिकामं राहिलं नाही तर गेमच्या घड्याळात ७ मिनिटं ५५ सेकंद झालेले असताना बटण दाबता यायला हवं. याहून लवकर सहसा शक्य नाही. उशीर मात्र कितीही करता येतो. हजारच्या आसपासचे बरेच जण नऊ, साडेनऊ करतात आणि पुढं 'समोरचा नाइट (चिलखती घोडेस्वार) लवकर घेऊन आला' म्हणून बोंब मारतात. तो लवकर आलेला नसतो. तो वेळेवर आलेला असतो.

मॅचचा आणि सरावाचा हिशेब इथे वेगळा होतो. गेमचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या १.७ पट वेगानं पळतं. म्हणजे ते ७ मिनिटं ५५ सेकंद आपल्या हातावरच्या घड्याळात पावणेपाच मिनिटांच्याही आत संपतात. रँक्ड मॅच अर्धा तास सहज चालते आणि त्यात तुम्हाला डार्क एज मिळतं एकदाच. तोच अर्धा तास एकट्यानं, अरेबिया नावाच्या नकाशावर, समोर सगळ्यात सोपा कॉम्प्युटर ठेवून, फ्यूडलचं बटण दाबेपर्यंत खेळायचं, वेळ बघायची, बंद करून परत सुरू करायचं असं केलं तर पाच-सहा डार्क एज पदरात पडतात. आणि दुसऱ्या वेळी पहिलीतली चूक अजून डोक्यात ताजी असते. रँक्डमध्ये ती चूक पुढच्या पंचवीस मिनिटांच्या मारामारीखाली गाडली जाते. मॅच संपल्यावर आठवतो तो शेवटचा किल्ला. पाचव्या मिनिटाला राहिलेलं घर नाही.

हे घराचं जरा जवळून बघण्यासारखं आहे. टाउन सेंटर पाच जणांना जागा देतं आणि तुम्ही चार जणांनी सुरुवात करता. पहिला व्हिलेजर बाहेर पडला की पाचाचे पाच भरले. घर तयार नसेल तर पुढचा अडला. त्यानंतर प्रत्येक घर आणखी पाच जणांची सोय करतं, म्हणजे १२५ सेकंदांची. खऱ्या घड्याळात सव्वा मिनिटाला एक घर. ऐकायला किती सोपं आहे! पण त्याच सव्वा मिनिटात मेंढ्या आणायच्या असतात, स्काउट फिरवायचा असतो, रानडुक्कर ओढून टाउन सेंटरखाली आणायचं असतं, आणि ओढणारा व्हिलेजर मरू द्यायचा नसतो. डुक्कर ओढताना सगळं लक्ष त्या डुकरावर जातं आणि बरोबर तेव्हाच घर राहतं. दर वेळी तेव्हाच. हे एकदा दिसलं की इलाजही दिसतो: डुकराकडे माणूस पाठवायच्या आधी घराला हात घालायचा. रँक्ड मॅच हे कधीच दाखवत नाही. लागोपाठ चार वेळा तेच डुक्कर ओढलं की आपोआप दिसतं.

आपल्या सोलापुरात यंत्रमागावरचा माणूस एका वेळी दोन माग सांभाळतो. त्याचं कसब हातांच्या वेगात नसतं. या मागाची कांडी संपायच्या बेतात असताना त्या मागाकडे किती वेळ बघायचं, हे त्याला ठाऊक असतं. खेळाडू ज्याला मॅक्रो म्हणतात ते हेच आहे. म्हणून एपीएम (मिनिटाला होणारे क्लिक आणि कळा) वाढवायच्या नादाला लागलेल्यांचं मला नवल वाटतं. रिकाम्या जमिनीवर धडाधड क्लिक करून मिनिटाला दोनशेचा आकडा दाखवता येतो, टाउन सेंटर मात्र रिकामं ते रिकामंच. २५ सेकंद रिकामं म्हणजे एक व्हिलेजर गेला. कॅसल एजपर्यंत, म्हणजे तिसऱ्या युगापर्यंत, दोन मिनिटांची अशी गळती झाली तर पाच गेले, आणि ते पुढं आयुष्यभर जे कमावणार होते तेही गेलं.

खेळ आणि सराव यांतला हा भेद गेमवाल्यांनी काढलेला नाही. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर एक निबंध लिहिला. पुढं दहा हजार तासांची जी कथा गावभर झाली तिचं मूळ हाच निबंध. गावभर फक्त तास पोचले. निबंधात मात्र काम, खेळ आणि हेतुपुरस्सर सराव असे तीन वेगळे प्रकार केलेले आहेत. काम म्हणजे लोकांसमोर वाजवणं, पैशासाठी वाजवणं; तिथे माणूस जे जमतं तेच करतो, कारण चूक परवडत नाही. सरावात जे जमत नाही तेच पुन्हा पुन्हा करायचं असतं, आणि ते फारसं मजेचं नसतं हेही त्यांनी नोंदवलं आहे. रँक्ड मॅच ही या अर्थानं काम आहे. रेटिंग पणाला लागलेलं असताना तुम्ही कच्ची बाजू बाहेर काढत नाही, झाकून ठेवता. आर्चर (तिरंदाज) जमतात ना, मग आर्चरच. नाइट कधी शिकणार? पुढच्या मॅचला. तो दिवस येत नाही.

यावर हमखास येणारा मुद्दा कोरियाचा. तिथले स्टारक्राफ्ट या अशाच गेमचे खेळाडू दिवस दिवस नुसते मॅचच खेळायचे, मग? खेळायचे, हे खरं. पण कसे ते बघा. संघ एका घरात राहायचे, साखळी स्पर्धेत कुठल्या नकाशावर कोणाशी गाठ आहे हे आधी कळायचं, मग त्याच नकाशावर गेममधला तोच वंश (रेस) खेळणारा साथीदार समोर बसवून तोच सामना घासायचा. समोर माणूस होता म्हणून ती रँक्ड मॅच होत नाही. काय घासायचं हे त्यांनी आधी ठरवलेलं असायचं. रँक्डमध्ये ते गेम ठरवतो.

सरावाची पण एक खोड आहे, ती सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल. एकट्यानं डार्क एज घासून घासून आठ मिनिटांवर पोचलेले काही जण पहिल्याच खऱ्या हल्ल्यात कोलमडतात. सोपा कॉम्प्युटर हल्लाच करत नाही, केला तर यायचं म्हणून येतो. समोरच्याच्या गावात स्काउट शिरल्यावर दोन घरं, एक बॅरॅक्स, सोन्यावर तीन माणसं एवढं बघून 'हा आर्चर काढणार' हे ओळखणं एकट्याच्या सरावात येत नाही. लाकडावरच्या माणसांवर बाण पडायला लागल्यावर घाबरून सगळ्यांना टाउन सेंटरमध्ये कोंबायचं नाही, फक्त त्या चौघांना हलवायचं, हे तर मुळीच येत नाही. ते फक्त मॅच शिकवते, आणि समोर अनोळखी माणूस असला तरच.

या दोन्हींच्या मधली जागा माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे आणि तीच ओस पडलेली असते: मित्राबरोबर ठरवून खेळणं. एकानं दर वेळी स्काउट रशच (स्काउटची टोळी घेऊन लवकर हल्ला) करायचा, दुसऱ्यानं दर वेळी तोच थोपवायचा, पंधराव्या मिनिटाला थांबायचं, बाजू बदलायच्या. होस्टेलवर हे अगदी सहज जमण्यासारखं आहे, पण जमत नाही, कारण मागं बघायला उभी असलेली मंडळी.

"काय करायलास बे?"
"प्रॅक्टिस."
"परत तेच? नुसत्या मेंढ्या कापायलास की. मॅच लाव, मॅच."

आणि मॅच लागते. बघणाऱ्याला सरावात काही राम नसतो, हे कबूल.

दोघांचा मेळ बसत नसेल तर गेममध्येच आर्ट ऑफ वॉर नावाची आव्हानं दिलेली आहेत. सुरुवातीची शेती-लाकूडतोड, लवकर कॅसल एज, बूमिंग (झपाट्यानं गाव वाढवणं), वेगवेगळ्या लढाया, असं एकेक काम सुटं करून देतात आणि कामगिरीप्रमाणे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड पदक मिळतं. फुकट आहे, सोबत आलेलं आहे, आणि बहुतेकांनी एकदाही उघडलेलं नसतं.

सोलापूरकरांसाठी आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की लाइटचा भरवसा नसतो. रँक्ड चालू असताना लाइट गेली, राउटर बंद पडला, की मॅच गेली आणि रेटिंगही गेलं. एकट्याच्या सरावाला नेट लागत नाही. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर तीन-चार डार्क एज आरामात होतात. घामाच्या धारा लागलेल्या असतात ती गोष्ट निराळी.

वयाची सबब सांगणारेही भेटतात. दुकान, नोकरी सांभाळून खेळणारे तिशीतले लोक म्हणतात, आता हात चालत नाही. त्यात थोडं तथ्य आहे. २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या ३,३०५ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयं १६ ते ४४. नवं दृश्य समोर आल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढायला लागतो, असं त्यात निघालं. पण मोठ्या वयाचे खेळाडू साध्या, सोप्या युक्त्या वापरून ती तूट भरून काढत असावेत, असंही दिसलं. म्हणजे ज्याच्याकडे दिवसाचा एकच तास आहे त्यानं तर तो तास सगळाच्या सगळा रँक्डमध्ये घालवू नये. वीस मिनिटं एकच गोष्ट घासायची, मग एक मॅच, आणि त्या मॅचमध्ये फक्त तीच गोष्ट तपासायची. टाउन सेंटर चालू राहिलं का? राहिलं असेल तर हरूनही तास सत्कारणी लागला.

तपासायचं म्हणजे रिप्ले लावायचा, आणि तो शेवटापासून नाही, सुरुवातीपासून. स्वतःच्या टाउन सेंटरवर बोट ठेवून पहिली दहा मिनिटं बघितली तरी पुरे. लढाईचा भाग बघायचा मोह आवरायचा. हेरा किंवा व्हायपर या नावाजलेल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघणं हा मात्र सराव नाही आणि मॅचही नाही. ते जेवताना बघावेत.

फक्त एका काळात हे सगळं उलटं करावं लागतं. स्पर्धा तोंडावर आली की शेवटचे दोन-तीन दिवस नवं काही घासायला घेऊ नये. अर्धवट बसलेली नवी बिल्ड ऑर्डर (काय कधी करायचं याचा क्रम) दबावाखाली हमखास सुटते, आणि जुनीही धड आठवत नाही. तेव्हा निमूटपणे रँक्ड लावावी, जे जमतं तेच खेळावं, आणि ज्या पीसीवर खेळायचं आहे तिथल्या कीबोर्डवर आपल्या हॉटकी (आदेशांच्या कळा) नीट बसल्यात का ते आधी जाऊन बघून यावं.