परदीर्घिकेतील ग्रहाचा दावा : पार्श्वभूमी

आपल्या आकाशगंगेबाहेरच्या एम 51 या दीर्घिकेत (ताऱ्यांच्या महासमूहात) शनीएवढा ग्रह असावा, असा दावा संशोधकांनी ऑक्टोबर 2021 मध्ये केला. आकाशगंगेबाहेरची कृष्णविवरे अभ्यासकांच्या परिचयाची होऊन बराच काळ लोटला आहे. एप्रिल 2019 मध्ये एम 87 दीर्घिकेच्या केंद्रातील, सूर्याच्या सुमारे साडेसहाशे कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची प्रतिमाही प्रसिद्ध झाली. ग्रहांच्या बाबतीत अशी खात्री अजून मिळालेली नाही. देवयानी दीर्घिकेत 1999 मध्ये गुरुत्वीय भिंगामुळे (मध्ये आलेल्या वस्तूच्या गुरुत्वाने मागचा प्रकाश एकवटल्याने) एक तारा काही काळ उजळला, आणि त्यामागे गुरूच्या सुमारे सहापट वस्तुमानाचा ग्रह असावा असे 2009 मध्ये सुचवले गेले. पण अशा घटनेची पुनरावृत्ती होत नसल्याने पडताळणी झाली नाही.

ऑक्टोबर 2021 मधील हा दावा कृष्णविवरांच्या अभ्यासातूनच पुढे आला. एम 51 ही दीर्घिका सुमारे 2.8 कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. इतक्या अंतरावरचे तारे दृश्य प्रकाशात एकमेकांत मिसळून जातात. क्ष-किरणांचे प्रखर स्रोत मात्र मोजके असल्याने वेगळे ओळखता येतात. कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा (मृत ताऱ्याचा अतिघन गाभा) जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेत असताना जिथून क्ष-किरण निघतात, तो भाग इतका लहान असू शकतो की आड आलेला ग्रह तो पूर्ण झाकतो. चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीच्या 20 सप्टेंबर 2012 च्या नोंदींत अशाच एका स्रोताचे क्ष-किरण शून्यावर येऊन पुन्हा पूर्ववत झाल्याचे आढळले; ही घटना सुमारे तीन तासांची होती.

खरा वाद आहे तो या एकाच घटनेवरून शनीएवढ्या ग्रहाचा दावा जाहीर करावा का, याचा. वायू-धुळीचा ढग आड आला असता तर कमी ऊर्जेचे क्ष-किरण अधिक शोषले गेले असते, पण येथे सर्व ऊर्जांचे किरण सारखेच घटले, हा संशोधकांचा युक्तिवाद वजनदार आहे. ही जोडी वयाने तरुण असल्याने आड आलेली वस्तू लहान तारा असण्याची शक्यताही त्यांनी फेटाळली. तरीही या घटनेतून वस्तूचा आकारच काढता येतो, वस्तुमान नाही. शिवाय केपलर या अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेत ग्रहाच्या शोधासाठी किमान तीन अधिक्रमणे (ग्रह समोरून जाण्याच्या घटना) पाहिली जात, तर येथे एकच हाती आहे. दावा ‘संभाव्य’ म्हणूनच मांडला गेला, आणि तेच योग्य होते. अनेक बातम्यांच्या मथळ्यांनी ही मर्यादा पाळली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अंदाजित कक्षेनुसार पुढचे अधिक्रमण सुमारे 70 वर्षांनी होईल. त्यामुळे सध्याचा व्यवहार्य मार्ग इतर क्ष-किरण स्रोतांच्या जुन्या नोंदी तपासण्याचा आहे. त्यांत कमी आवर्तकाळाचा (कक्षेतील एक फेरी लवकर पूर्ण करणारा) एखादा ग्रह सापडला, तर त्याची पडताळणी याच पिढीत होऊ शकेल.