क्रेफिश नुसते मोजून भागत नाही

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा लॉबस्टरच, पुढे दोन जाड नांग्या आणि घाबरला की शेपटीचा फटकारा मारून उलटा पळतो. जगात याच्या सहाशेच्या वर जाती आहेत, पण वाटणी अगदीच विचित्र. सगळ्यात जास्त उत्तर अमेरिकेत, मग ऑस्ट्रेलियात, थोड्या युरोप आणि पूर्व आशियात, आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मूळची एकही नाही, शेजारच्या मादागास्करमध्ये मात्र आहेत. भारतातही मूळची जात नाही. २०१५ मध्ये ५९० जातींचा आढावा घेतला तेव्हा जवळपास ३२ टक्के धोक्यात निघाल्या.

आता युरोपातला पांढऱ्या नांगीचा क्रेफिश घ्या. साधारण दहा-बारा सेंटीमीटरचा, दगडाखाली दडून बसणारा, नांगीची खालची बाजू फिकट म्हणून हे नाव. आयर्लंडमध्ये हा बरीच वर्षं भरपूर होता, त्यामुळे नकाशा बघून वाटायचं की इथे सगळं ठीक आहे. पण डीएनए तपासला तर विविधता फारच कमी, आणि तो फ्रान्समधल्या क्रेफिशशी जुळणारा, म्हणजे बहुधा माणसांनीच कधीतरी मोजके नेऊन सोडले आणि पुढची सगळी प्रजा त्यांचीच. उलट इटलीत शेजारशेजारच्या खोऱ्यांत वेगवेगळे वंश सापडतात. कारण हिमयुग. उत्तर युरोप बर्फाखाली होता तेव्हा क्रेफिश दक्षिणेकडच्या ओढ्यांत तगून राहिले, डोंगर मध्ये असल्यामुळे एकमेकांपासून तुटले आणि हजारो वर्षं आपापल्या वाटेने बदलत गेले, बर्फ वितळल्यावर उत्तरेकडे सरकले ते त्यातले थोडेच. म्हणून आकडा मोठा कुठे आणि ठेवा मोठा कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या मते संवर्धनाचा पैसा आधी दुसऱ्याकडे जायला हवा.

हा डीएनए मिळवायला क्रेफिश मारावा लागत नाही बरं का. चालायच्या पायाचा एक तुकडा कापून अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचा आणि प्राणी परत दगडाखाली सोडायचा, पुढे कात टाकताना पाय हळूहळू परत येतो.

घाई आहे ती क्रेफिश प्लेगमुळे. हा रोग १८५९-६० च्या सुमारास उत्तर इटलीत पहिल्यांदा दिसला. जंतू बुरशीसारखा दिसतो पण खरी बुरशी नव्हे, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि कवच पातळ असेल तिथून, म्हणजे सांध्यांतून वगैरे, आत शिरतात. अमेरिकन जाती त्याला कवचातच कोंडून ठेवतात आणि स्वतः मजेत फिरत रोग पसरवतात, युरोपियन जातींचा मात्र अख्खा ओढा रिकामा होतो. ओल्या जाळ्यातून, बुटातूनही रोग पुढच्या नदीत जातो, आयर्लंडमध्ये २०१५ पासून तो पोचलाच आहे.

इथे कोणी म्हणेल, विविधता नसली तर काय बिघडतं, मार्बल्ड क्रेफिश बघा ना! प्रश्न रास्त आहे. त्या जातीत सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात, पिल्लं आईची हुबेहूब नक्कल, १९९० च्या दशकात जर्मनीतल्या ॲक्वेरियमच्या धंद्यात दिसली आणि आज मादागास्करभर पसरलीये. पण ती मुळात अमेरिकन घराण्यातली, प्लेग पचवणारी. पांढऱ्या नांगीवाल्याकडे तशी ढाल नाही, उद्या थोडाफार प्रतिकार करणारे निघालेच तर ते जिथे वेगळेपणा शिल्लक आहे तिथेच निघण्याची शक्यता जास्त.

ब्रिटनमध्ये सध्या नद्यांपासून तुटलेल्या जुन्या खाणींच्या तळ्यांत हे क्रेफिश हलवून ठेवतात. कल्पना चांगली आहे, फक्त एकाच ओढ्यातले मूठभर उचलून नवीन तळं भरलं तर आयर्लंडचीच गोष्ट परत होणार, आणि लांबलांबचे वंश न बघता एकत्र केले तर हिमयुगापासून टिकलेला वेगळेपणा चारदोन पिढ्यांत मिसळून जाईल. त्यामुळे हलवण्याआधी पायाचे ते तुकडे तपासलेले बरे.