पार्श्वभूमी: पक्षाघातानंतरचा हात आणि घरातला व्हिडिओ गेम

अमेरिकेतील संशोधक कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या ३१२ उपचारसत्रांत नुसते बसून हालचाली मोजल्या. हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या सत्रांत वस्तू घेणे, ठेवणे अशा हाताच्या कामाचा सराव झाला, त्यांत एका सत्रामागे आवर्तनांची सरासरी ३२ भरली. प्राण्यांच्या ज्या प्रयोगांच्या आधारे मेंदू पुन्हा शिकतो असे आपण म्हणतो, त्यांत हाच आकडा दिवसाला काहीशेंच्या घरात असतो. व्हिडिओ गेमने पुनर्वसनात आणि पुढे रुग्णाच्या घरात पाय रोवला तो या तफावतीमुळे. करमणूक हा त्याचा वरचा मुलामा आहे.

या विचाराचे मूळ एडवर्ड टॉब यांच्या माकडांवरील कामात सापडते. एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर माकड तो हात वापरायचे सोडून देते, पण चांगला हात बांधून ठेवला तर तोच ‘निकामी’ हात कामाला लागतो, असे त्यांना आढळले. हात न वापरणे हीसुद्धा अंगवळणी पडलेली सवय असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेवर १९८१ साली प्राण्यांच्या छळाच्या तक्रारीवरून पोलिसांचा छापा पडला आणि काम थांबले. पुढे अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील केंद्रात त्यांनी हेच तत्त्व माणसांच्या उपचारात उतरवले. रुग्णाच्या धडधाकट हातात जाड मोजा घालायचा आणि लुळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचे, असा तो उपचार. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत तो सरस ठरला. अडचण एवढीच, की दोन आठवडे रोज सहा-सहा तासांपर्यंत थेरपिस्ट समोर बसवणे कोणाला परवडणार?

पडद्यावरचा खेळ त्याआधीच रुग्णालयात आला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ विल्यम लिंच मेंदूला इजा झालेल्यांना अटारी कंपनीचे व्हिडिओ गेम खेळायला देत. तेथे भर हातापेक्षा अवधानावर होता. १९९० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्ज यांच्या यंत्रमानवाला धरून रुग्ण पडद्यावरील ठिपक्यांपर्यंत हात नेऊ लागले. ते यंत्र मात्र कोणाच्या दिवाणखान्यात मावणारे नव्हते.

दिवाणखान्यात पोहोचले ते निन्टेन्डो कंपनीचे वी, म्हणजे टीव्हीला जोडायचे आणि हातातला रिमोट हलवून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ते विक्रीला आले आणि थोड्याच दिवसांत फिजिओथेरपी विभागांतही दिसू लागले. (२००७ च्या जूनमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात, वीवर टेनिस खेळून खांदा दुखावून घेतलेल्या तरुण डॉक्टरची हकीकतही छापून आली.) पण जवळून पाहिले की खोट कळते. वीवरच्या बोलिंगमध्ये, म्हणजे चेंडू लोटून खुंट्या पाडायच्या खेळात, रिमोटच्या मागचे बटण दाबून धरायचे, हात झोकायचा आणि नेमक्या क्षणी बटण सोडायचे. पक्षाघातानंतर वळलेली बोटे हवी तेव्हा उघडणे हेच सर्वांत कठीण असते, त्यामुळे खेळ सुरू होण्याआधीच रुग्ण हरतो. उलट ज्याला थोडेबहुत जमते, तो खांदा जागचा न हलवता मनगटाच्या झटक्यावर गुण मिळवतो. खेळाला हालचाल बरोबर झाली की नाही याच्याशी कर्तव्य नसते, गुणांशी असते.

टोरोंटोचे गुस्ताव्हो सॅपोस्निक यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत चार देशांतील १४ केंद्रांतल्या १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना वी दिले आणि उरलेल्यांना पत्ते, बिंगो, जेंगा (लाकडी ठोकळ्यांचा मनोरा), चेंडू असे साधे खेळ. दोन्ही गट सुधारले आणि सुधारणेत फरक पडला नाही. हा वीचा पराभव म्हणून सांगितला जातो. मला तो पत्त्यांच्या कॅटचा गौरव वाटतो.

नुसते घर ही जागाही पुरेशी नाही, हे भारतातच दिसले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या चाचणीत कुटुंबीयांना शिकवून घरी पुनर्वसन करवले, तरी सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्यानंतरचे दोन प्रयोग म्हणून महत्त्वाचे आहेत. स्टीव्हन क्रेमर यांच्या चमूने २०१९ साली १२४ रुग्णांची तुलना मांडली. निम्म्यांनी दवाखान्यात जाऊन ३६ सत्रे केली, निम्म्यांनी घरी मुद्दाम बनवलेल्या खेळांवर तितकीच. त्यांतील अर्ध्या सत्रांत थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर असे. हाताच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर दवाखान्याच्या गटाने सरासरी ८.३६ आणि घरच्या गटाने ७.८६ गुण कमावले.

दुसरा प्रयोग टॉब यांच्याच परंपरेतला. त्यांच्याकडे घडलेल्या लिन गोथिए यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात एक खेळ रचून घेतला. त्यात रुग्ण नदीतून होडी वल्हवतो, पाण्यातल्या बाटल्या उचलतो, गुहेतली वटवाघळे हाताने परतवून लावतो. चांगल्या हातात मोजा तोच. त्यांची १९३ रुग्णांची चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीत घरच्या खेळाला थेरपिस्टच्या व्हिडिओ सल्ल्याची जोड मिळालेल्या रुग्णांचा रोजच्या कामातला हाताचा वापर, थेरपिस्टसमोर ३५ तास घालवणाऱ्यांच्या तोडीने वाढला. रुग्णाच्या हालचाली हा खेळ टिपत होता तो मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्याने. मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी काढलेल्या त्या कॅमेऱ्याचे उत्पादन कंपनीने २०१७ सालीच थांबवले होते.